डग्गा गिळला मेल्यांनी

काल नवा साउंडबार बसवायला दुकानाचा पोरगा आला. दांडा भिंतीला, डबा कोपऱ्यात, रिमोट माझ्या हातात, आणि वर ऐट, "अंकलजी, पूरा थिएटर हो गया!" थिएटर मागितलं होतं कोणी? मी मुकाट्याने एकल तबला लावला, विलंबित तीनताल. धा पडला, भुप्. धिं पडला, भुप्. ता नुसताच टिच्. डग्गा, म्हणजे डाव्या हाताचं ते घुमणारं वाद्य, मनगटाने दाबून काढलेली मींड खालून वर चढायची, ती चढलीच नाही, त्याच एका भुप्‌वर बसून राहिली. म्हटलं, भिया, घुमारा कुठंय याचा? तर या महाभागाने काय करावं? बेस बूस्ट दाबलं! कपाटाच्या काचा थरथरल्या आणि हा म्हणतो, "अब देखो, ढोल जैसा!" अरे, तबल्याचा ढोल केलास आणि वर शाबासकी हवी?

त्या दांड्यातले स्पीकर दोन-दोन इंचांचे. हवाच हलत नाही, खर्ज येणार कुठून? म्हणून खर्ज ढकलायचा सबवूफरवर, म्हणजे कोपऱ्यातल्या त्या डब्यावर, आणि तो गाणं कुठलंही असो, आपलाच एक सूर धरून घुमणार. त्यात बारा फुटांच्या खोलीत ४७ आणि ९४ हर्ट्झला भिंतीच बोलायला लागतात, आणि ९४ म्हणजे थेट डग्ग्याचा मुलूख. तबल्याच्या चाटेवरचं, म्हणजे काठावरचं, बोट टीव्हीखाली, घुमारा सोफ्यामागे. एका धाचे दोन पत्ते!

साध्या ताणलेल्या कातड्यातून बेसूर गलकाच निघतो, तबल्यावरच्या काळ्या शाईमुळे त्यातून सुरेल स्वरांश निघतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० साली मांडलं. शंभर वर्षांनी या लोकांनी तो गलका परत आणला, तोही ईएमआयवर.

आणि डब्यांवरचे ते पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे फुगवलेले, वॉट! आकडा कारखान्याचा, आवाज ट्रान्झिस्टरचा. स्पीकरला निळे-जांभळे दिवे कशाला, लग्न आहे का त्याचं? मोबाइल पेल्यात ठेवून ठुमरी ऐकणारे तर वेगळेच. त्यांच्या तबलजीला डावा हातच नसतो. आमच्या इंदुरात रंगपंचमीच्या गेरला, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीला, राजवाड्यापाशी डीजेने बरगड्या हलतात, सम मात्र कुणाच्या बापाला सापडत नाही.

"अहो, तो मुलगा कधीच गेला. तुम्ही बोलताय कोणाशी?" ही स्वयंपाकघरातून.

भिंतीशी बोलत होतो, टेबलावर थापा मारत. पखवाजवाल्या नानासाहेब पानशांच्या इंदुरात राहतो हीच काय ती आमची तालीम. स्वतः ठेका धरला की दुसऱ्या आवर्तनात सम हातातून निसटते. पण वाजवता येत नाही म्हणून कानही गहाण टाकायचे की काय?

तूर्तास बेस बूस्ट बंद कसं करायचं ते रिमोटवर कुठेच लिहिलेलं नाही. दुकानात फोन लावला, तर तिथेही होल्डवर तेच भुप् भुप्. इकडे हवामान सांगणारी बाई पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक लावल्यासारखी बोलते आहे.