गाडीच्या कार्पेटवर बादलीभर पाणी ओतण्याआधी

पावसाळा ओसरू लागला की मोबाइलवर एक संदेश हमखास फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: गाडी आतून साफ करायला लोक हजारो रुपये घेतात, ते वाचवा, चिखलाने भरलेल्या कार्पेटवर खायचा सोडा पसरून वर व्हिनेगर ओता, म्हणजे फेसाबरोबर सगळी घाण वर येते, मग उकळत्या पाण्यात कपड्यांची पावडर कालवून ओता आणि कडक ब्रशने घासा, शेवटी पाइपाने भरपूर पाणी मारा, कारण कार्पेटखाली नुसता पत्रा असतो आणि त्याला काही होत नाही, दारे उघडून गाडी दोन तास उन्हात ठेवा, कार्पेट नव्यासारखे होते.

मी चिपळुणात गाड्यांच्या आतल्या सफाईचे काम करतो आणि या पद्धतीने धुतलेल्या गाड्या काही आठवड्यांनी माझ्याकडे येतात. म्हणून या संदेशातील एकेका विधानाचा विचार करणे मला आवश्यक वाटते. त्यातील पैशांबाबतचा मुद्दा मात्र मी आधीच मान्य करतो. घरचा व्हॅक्यूम क्लीनर, दोन स्प्रेच्या बाटल्या, एक मऊ ब्रश आणि चार जुने टॉवेल एवढ्या साहित्यावर, पुरात सापडलेली गाडी सोडली, तर बहुतेक कार्पेट घरच्या घरी उत्तम साफ होते.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र आले की फेस येतो हे खरे आहे, पण तो फेस म्हणजे केवळ कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे असतात. सोडा अल्क आहे, व्हिनेगर आम्ल आहे, आणि दोघे एकमेकांना निकामी करतात. साध्या व्हिनेगरमध्ये सुमारे ५ टक्के ॲसिटिक आम्ल धरले, तर एका लिटरात ते ५० ग्रॅमच्या आसपास असते आणि ७० ग्रॅम सोड्यात ते सगळे संपून जाते. मागे राहते ते सोडियम ॲसिटेट या क्षाराचे पाणी, ज्याला मळ काढण्याची म्हणण्यासारखी शक्ती नसते. बुडबुडे वरच्या वर फुटतात आणि धाग्यांच्या बुडाशी बसलेली माती जागची हलत नाही. हेच दोन पदार्थ वेगवेगळे वापरले तर उपयोगी आहेत. सांडलेल्या दुधाचा आंबूस वास कोरडा सोडा रात्रभर पसरून, सकाळी व्हॅक्यूमने काढून घेतल्यास बराच कमी होतो. आणि साबणाचा अंश मारण्यासाठी शेवटच्या पाण्यात थोडे व्हिनेगर घालणे योग्य आहे.

संदेशाचा सर्वांत मोठा दोष मात्र त्यात जे लिहिलेलेच नाही त्यात आहे. फार मळलेल्या कार्पेटमधील बहुतेक घाण कोरडी माती आणि रेती असते, आणि ती कोरडी असतानाच निघते. कोकणातील तांबडी माती इतकी बारीक असते की ओली झाली की रंगासारखी धाग्यांत भिनते. देशावरची काळी माती तर पाणी पिऊन फुगते आणि चिकट लगदा होते. म्हणून ओला चिखल आत आला असेल तर तो आधी पूर्ण वाळू द्यावा. त्यानंतर पायपुसण्या काढून, सीट आधी पुढे आणि मग मागे सरकवून, एका हाताने ब्रश चालवावा आणि दुसऱ्या हाताने व्हॅक्यूमचे तोंड त्याच्या अगदी जवळ धरावे. एकाच जागेवरून उभे, आडवे आणि तिरके असे तीन-चार वेळा सावकाश फिरवावे. ॲक्सिलेटरखालच्या हातभर जागेला मी पंधरा मिनिटे देतो, आणि चौथ्या फेरीतही नळीतून रेतीचा खडखड आवाज येत असतो. तो थांबेपर्यंत पाण्याला हात लावू नये.

कपड्यांची पावडर आणि उकळते पाणी यांचा विचार एकत्रच करावा लागेल. ही पावडर भरपूर पाण्यात खळबळून काढता यावी अशी बनवलेली असते. कपडा आपण दोन-तीन पाण्यांतून काढतो, पण गाडीत पक्के बसवलेले कार्पेट तसे काढता येत नाही. मागे राहिलेला अंश चिकट असतो, त्याला चपलांची धूळ धरते आणि धुतलेला भाग न धुतलेल्या भागापेक्षा लवकर काळा पडतो. उकळत्या पाण्याने दूध, अंडे किंवा रक्त यांतील प्रथिने गोठतात आणि डाग पक्का बसतो. डब्यातील भाजीचा तेलकट पिवळा डाग असेल तर आणखी एक गोष्ट दिसते. पावडर अल्कधर्मी असल्यामुळे हळद लाल होते, जशी चुन्याने लाल होऊन तिचे कुंकू बनते. माणूस घाबरून आणखी पावडर टाकतो. अशा डागावर सौम्य द्रव साबण आणि कोमट पाणी वापरावे. उरलेला पिवळेपणा उन्हात हळूहळू उडतो. कडक ब्रशने मात्र धागे विस्कटतात आणि तिथे कायमचा रोवा उठतो.

आता पाण्याविषयी, कारण खरे नुकसान इथेच होते. कार्पेटखाली थेट पत्रा असतो हे विधान चुकीचे आहे. वरचा धाग्यांचा थर, त्याच्या पाठीला चिकटवलेला रबरासारखा किंवा प्लॅस्टिकचा लेप, त्याखाली आवाज आणि उष्णता अडवणारा फेल्टचा किंवा फोमचा जाड थर, आणि त्यानंतर पत्रा, अशी रचना बहुतेक गाड्यांत असते. ओतलेले पाणी सांध्यांतून आणि बोल्टच्या भोकांतून फेल्टमध्ये उतरते आणि तिथेच राहते, कारण वरचा लेप त्याची वाफ सहज बाहेर जाऊ देत नाही. याच थरातून वायरिंग जाते. सीटखाली कप्लर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडणारे प्लग, असतात आणि मधल्या कन्सोलखाली बऱ्याच गाड्यांत एअरबॅगचे नियंत्रण करणारे युनिट असते. सीटखालचे पिवळे कप्लर एअरबॅगचे किंवा सीटबेल्ट ताणणाऱ्या यंत्रणेचे असतात. ते घरी कधीही सोडू नयेत.

गेल्या श्रावणात एक गृहस्थ माझ्याकडे आले. रोज सकाळी काचा आतून धुरकट होतात आणि एसी बिघडला असावा, अशी त्यांची तक्रार होती. कार्पेटवर हात ठेवला तर ते कोरडे होते. दाराजवळची पट्टी काढून कार्पेटची कड उचलली तेव्हा खालचे करडे फेल्ट पाण्याने जड झालेले दिसले. मूठ आवळली तर बोटांतून तांबूस पाणी गळाले. पत्र्याच्या जोडावर गंजाची बारीक रेघ उठली होती आणि बॉडीला जोडलेल्या अर्थिंगच्या तांब्याला हिरवट थर आला होता. त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी संदेशात सांगितल्याप्रमाणे दोन बादल्या पाणी ओतले होते. एसीत काहीही दोष नव्हता. फेल्टमधील पाणी रोज रात्री वाफ होऊन काचांवर बसत होते. मेहनतीने आणि चांगल्या हेतूने काम करणाऱ्या माणसाचे असे नुकसान झालेले पाहून मला फार वाईट वाटले.

योग्य पद्धतीत पाणी फक्त धाग्यांपुरते असते. सौम्य शाम्पूचे पातळ द्रावण स्प्रेने हातभर जागेवर मारावे, पाच ते दहा मिनिटे मुरू द्यावे, ब्रश हलक्या हाताने फिरवावा आणि लगेच टॉवेल दाबून धरून मळपाणी टिपून घ्यावे. टॉवेल घासू नये, त्यावर गुडघा टेकून वजन द्यावे. ओले ओढून घेणारा व्हॅक्यूम मिळाला तर उत्तमच, पण साधा घरगुती व्हॅक्यूम ओल्यावर चालवू नये. त्यात विजेचा धोका आहे. मग साध्या पाण्याचा हलका स्प्रे, पुन्हा टिपणे, आणि टॉवेल जवळजवळ स्वच्छ निघेपर्यंत हेच. अर्धवट टिपले तर वाळताना पाण्याबरोबर खालचा मळ धाग्यांच्या टोकांशी चढतो आणि दुसऱ्या दिवशी डाग परत आल्यासारखा दिसतो.

दोन तासांच्या उन्हाने वरचे धागे वाळतात, एवढेच. ओलावा २४ ते ४८ तास राहिला की बुरशी धरू लागते, आणि पावसाळ्यात दारे उघडी ठेवून फायदा नाही, कारण बाहेरची हवाच दमट असते. त्यापेक्षा गाडी मोकळ्या जागेत उभी करून काचा बंद ठेवून एसी चालवावा. तो हवेतील ओलावा थंड कॉइलवर गोळा करून खालच्या नळीतून बाहेर सोडतो. बंद गॅरेजमध्ये मात्र हे मुळीच करू नये, तिथे इंजिनचा धूर जिवावर बेतू शकतो. पाणी न ओतताही पुढच्या प्रवाशाच्या पायांखाली ओल येत असेल, तर बहुधा हीच नळी तुंबलेली असते, आणि तेव्हा कितीही सफाई केली तरी कुबट वास जात नाही.

पुरात सापडलेल्या गाडीला यांतील कोणताच घरगुती उपाय लागू नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूण शहरात शिरले, त्यानंतर अनेक गाड्यांच्या फेल्टमध्ये गटाराच्या पाण्यासह गाळ बसला होता. अशा गाडीत बॅटरीची जोडणी काढून, जाणकार मेकॅनिककडून सीट उतरवून, कार्पेट बाहेर काढूनच धुवावे लागते आणि खालचे फेल्ट टाकून नवे घालावे लागते.

ज्यांनी आधीच पाणी ओतले असेल त्यांनी आजच दाराजवळची प्लॅस्टिकची पट्टी हळूच उचकटून कार्पेटची कड वर करावी, फेल्टखाली कोरड्या वर्तमानपत्राची घडी सरकवून दहा मिनिटे दाबून ठेवावी आणि बाहेर काढून पाहावी. कागद ओला निघाला, तर कड लाकडाच्या ठोकळ्यावर उचललेली ठेवून त्या फटीत टेबलफॅन लावावा, आणि कागद कोरडा निघेपर्यंत तो बंद करू नये.