पेपा पिगवर रागावणाऱ्या आईबाबांसाठी

पेपा पिग, म्हणजे त्याच नावाच्या ब्रिटिश कार्टून मालिकेतली छोटी डुकरीण, उद्धट आहे, ही तक्रार मला मान्य आहे. ती बाबांना ‘सिली डॅडी’ म्हणते, जॉर्ज या धाकट्या भावाला खेळात घेताना कुरकुरते, मैत्रिणीचा फोन मध्येच ठेवून देते, आणि एवढं करून भागाच्या शेवटी सगळ्यांबरोबर पाठीवर पडून खिदळते. दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांमध्ये हा विषय निघाला की लगेच दोन तट पडतात. काही म्हणतात, बंदच करा ते कार्टून. काही म्हणतात, तेवढीच जरा उसंत मिळते, राहू द्या. मला दोन्ही पटत नाही. पेपाच्या ज्या गोष्टींचा आपल्याला राग येतो, त्यातल्या बहुतेकांमुळेच ती मालिका चांगली झाली आहे. एक गोष्ट मात्र खरंच खटकण्यासारखी आहे, आणि तिच्याबद्दल घरात काहीतरी करायला हवं.

आधी मालिका कशी बांधली आहे ते बघू, कारण अर्धा राग तिथेच विरतो. नेव्हिल अॅस्टली, मार्क बेकर आणि फिल डेव्हिस या तिघांच्या लंडनमधल्या छोट्या स्टुडिओने ती उभी केली. ३१ मे २००४ रोजी ब्रिटनच्या चॅनल ५ वर पहिला भाग लागला. एक भाग साधारण पाच मिनिटांचा. त्यात एकच गोष्ट, एकच अडचण, दोन-तीन जागा. डुकराचा चेहरा बाजूने काढलेला, तरी दोन्ही डोळे एकाच बाजूला, जेणेकरून पात्र कुठेही वळलं तरी त्याचे भाव मुलाला दिसावेत. मागे सपाट हिरव्या टेकड्या, प्रत्येक टेकडीच्या टोकावर एकच घर. कॅमेरा जवळजवळ हलत नाही. निवेदक आहे, पण तो उपदेश करत नाही. जे दिसतंय तेच शांतपणे सांगतो. ‘पेपाला चिखलाच्या डबक्यात उड्या मारायला आवडतं.’ ते झालं की पुढचं चित्र.

मोठ्यांना हे कंटाळवाणं वाटतं. साहजिक आहे. पण तीन वर्षांच्या मुलाला भराभर बदलणारी दृश्यं जोडून गोष्ट लावता येत नाही, इथे लावता येते. म्हणून तर मूल तोच भाग पुन्हा पुन्हा मागतं. आता जॉर्ज रडणार, आता त्याचा खेळण्यातला डायनासोर झाडावर सापडणार, हे त्याला आधीच माहीत असतं आणि ते तसंच घडतं, यातच त्याला मजा असते. आपण नव्याच्या शोधात असतो, ते ओळखीच्या.

आता उद्धटपणाकडे येते. शिट्टीचा भाग आठवून बघा. डॅडी पिग शिट्टी वाजवत असतात. पेपालाही वाजवायची असते, जमत नाही. मम्मी पिगला येते. जॉर्जला तर पहिल्याच फटक्यात येते. पेपा रडकुंडीला येऊन मैत्रिणीला, सुझी शीपला, फोन करते, ‘तुला शिट्टी येते का?’ सुझी म्हणते, नाही. पेपाला केवढा आनंद होतो! मग सुझी विचारते, शिट्टी म्हणजे काय करायचं? पेपा सांगते, ओठ जुळवायचे आणि फुंकायचं. पलीकडून शिट्टी वाजते. पेपा एक शब्द न बोलता फोन ठेवून देते.

हे दृश्य समाजमाध्यमांवर मोठी माणसं वर्षानुवर्षं फिरवत आली आहेत, आणि ‘किती दुष्ट मुलगी’ असे शेरे त्याखाली असतात. पण त्या काही सेकंदांत काय काय मांडलंय बघा. आपल्याला जमत नाही याची लाज, निदान दुसऱ्या कुणालातरी जमत नाही याचा दिलासा, आणि तो दिलासाही हातातून गेल्यावरचा धक्का. चार वर्षांच्या मुलाला हे सगळं होतं, पण सांगायला त्याच्याकडे शब्द नसतात. लेखकांनी ते शब्दांशिवाय दाखवलं. आणि पुढे कुणी पेपाला झापत नाही. भागाच्या शेवटी ताज्या गरम बिस्किटावर ती फुंकर घालते आणि नकळत शिट्टी वाजते. मुलांसाठी इतकं नेमकं लिहिणं फार अवघड असतं. मला तो भाग लहान मुलांच्या टीव्हीवरच्या उत्तम लेखनापैकी एक वाटतो.

मग मूल ते बघून फोन आपटायला शिकत नाही का? शिकतं. अनुकरण होतंच, आणि हा भाग गोष्टीत उलगडलेला नाही. सुझीला वाईट वाटलं का, पेपाने परत फोन केला का, हे दाखवतच नाहीत. ती जागा मोठ्यांनी भरायची आहे, आणि ती भरायला भाषण लागत नाही. फोन ठेवल्या ठेवल्या चित्र थांबवायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, ‘सुझीला आता कसं वाटत असेल?’ जे उत्तर येईल ते ऐकून घ्यायचं, दुरुस्त करायचं नाही, चित्र पुढे चालू. पाच मिनिटांच्या भागात एकापेक्षा जास्त वेळा थांबवलंत तर गोष्टीचा धागा तुटतो, मूल वैतागतं आणि पुढच्या वेळी तुम्हाला शेजारी बसू देत नाही. दुसरा उपाय खेळात करायचा. संध्याकाळी खेळण्यातला फोन घेऊन तुम्ही सुझी व्हा आणि मुलाला पेपा होऊन परत फोन करू द्या. मालिकेत न घडलेला तो प्रसंग घरात घडतो, आणि मुलं तो पुन्हा पुन्हा मागतात. ‘असं करायचं नसतं हं’ हे वाक्य चित्र चालू असताना म्हणू नका. मूल त्या वेळी पेपाच्या जागी असतं, त्याला ते स्वतःलाच रागावल्यासारखं वाटतं.

आता खटकणारी गोष्ट. डॅडी पिगचं पोट.

डॅडी पिग हे पात्र मला मनापासून आवडतं. ते घरात असतात, मुलांबरोबर चिखलात उतरतात, चूक झाली की चिडत नाहीत. मम्मी पिग कॉम्प्युटरवर काम करत असते आणि डॅडी पिग जेवणाचं सूप करत असतात, असा भाग अगदी सुरुवातीच्या भागांमध्येच आहे. तो काळ लक्षात घेतला तर छोट्यांच्या मालिकेत हे चित्र काही सर्रास दिसत नव्हतं, आणि इथे त्याचा गाजावाजाही नाही, घर असंच चालतं एवढंच. असा बाप दाखवायचा आणि त्याच्या पोटावरून भागामागून भाग विनोद करायचे, हे मला पटत नाही. ते चित्र टांगायला गेले की भिंत फोडतात, नकाशा वाचायला घेतला की रस्ता चुकतात, हे विनोद वेगळे. तिथे ‘मी यातला तज्ज्ञच आहे’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसाची फजिती असते, आणि मोठ्यांचंही चुकतं हे मुलांना कळलं तर चांगलंच आहे. पोटाच्या विनोदात तसं काही नाही. तिथे फक्त शरीर आहे, हसणारी माणसं आहेत, आणि डॅडी पिगही त्यात हसतात. ज्याच्यावर हसलं जातं तोच हसतोय म्हटल्यावर, यात दुखावण्यासारखं काही आहे हे मुलाला कळणार तरी कसं? शिट्टीच्या भागात निदान पेपाचा चेहरा पडलेला दिसतो. इथे तर सगळेच खूश.

मूल असं काही कुणा खऱ्या माणसाला बोललं तर चारचौघांत ओरडून काही साधत नाही. तिथल्या तिथे हळू आवाजात, ‘माणसाच्या अंगावरून आपण बोलत नाही’ एवढं पुरे. घरी आल्यावर डॅडी पिगना काय काय येतं याची यादी मुलाकडून करून घ्या. डबक्यात उडी मारण्यात ते विजेते आहेत, हे मूल स्वतःच सांगेल. पात्राबद्दल बोलायला पोटाखेरीज आणखी काहीतरी हाताशी आलं की पोटाचा विषय मागे पडतो. ज्या भागांमध्ये सगळी गंमत वजनावरच उभी आहे, ते भाग मी सरळ वगळा म्हणेन. शेकडो भाग आहेत, चार कमी झाले तर काही बिघडत नाही.

बाकीच्या तक्रारींमध्ये तथ्य कमी-जास्त आहे. सुरुवातीच्या भागांमध्ये गाडीत सीटबेल्ट नव्हते. पालकांनी आवाज उठवला आणि निर्मात्यांनी नव्या भागांत बेल्ट आणले, जुनी चित्रंही दुरुस्त केली. ही तक्रार योग्य होती आणि तिचं फळही मिळालं. कोळ्याच्या भागाचं प्रकरण तर शिकण्यासारखं आहे. डॅडी पिग पेपाला सांगतात की कोळी इवलासा असतो, तो काही करत नाही. ब्रिटनमध्ये हे सांगणं ठीक. ऑस्ट्रेलियात फनेल-वेब आणि रेडबॅक जातीचे विषारी कोळी आहेत, तिथे मुलाने कोळ्याशी मैत्री करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून तिथल्या सार्वजनिक वाहिनीने २०१२ मध्ये तो भाग काढला. पुढे २०१७ मध्ये दुसऱ्या वाहिनीवर तो लागला आणि पुन्हा तक्रार झाली. एका ठिकाणची सुरक्षित गोष्ट दुसरीकडे धोक्याची ठरते, आणि हे आधी कुणाच्या लक्षात येत नाही.

मालिकेतल्या डॉक्टर ब्राउन बेअरबद्दलची तक्रार ब्रिटनमधल्या एका महिला डॉक्टरांनी २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या नाताळ अंकात मांडली होती. त्या अंकात असं हलकंफुलकं लेखन असतं, पण मुद्दा खरा होता. पेपाच्या जगात साध्या सर्दीला डॉक्टर धावत घरी येतात. खऱ्या ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या नशिबी एवढा मोकळा वेळ नसतो, आणि दर वेळी औषधाची गरजही नसते. यावर मुलाशी बोलायची फारशी आवश्यकता मला वाटत नाही. उलट डॉक्टर शांत असतो, तपासतो आणि जातो, ही प्रतिमा दवाखान्याला घाबरणाऱ्या मुलाच्या कामी येते.

मोठ्यांच्या जगात पेपाचं जे काही झालं, त्याचा दोष तर तिच्यावर टाकूच नये. चीनमध्ये तरुणांनी तिला बंडखोरीची खूण करून टाकलं आणि २०१८ मध्ये तिथल्या डोयिन या छोट्या व्हिडिओंच्या अॅपवरून तिचे व्हिडिओ हटवले गेले. २०२१ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन उद्योजकांसमोरच्या भाषणात हॅम्पशरच्या पेपा पिग वर्ल्ड या मुलांच्या मनोरंजन उद्यानाचं कौतुक करत बसले आणि त्यावर गदारोळ झाला. अमेरिकन मुलं ब्रिटिश उच्चार करू लागली म्हणून बातम्या आल्या. मुलं जे ऐकतात ते बोलतात, त्यात काळजीचं काही नाही. खेळण्यांच्या बाजाराची काळजी मात्र रास्त आहे. २०१९ मध्ये हॅस्ब्रो या अमेरिकन खेळण्यांच्या कंपनीने पेपाची मालकी असलेली एंटरटेनमेंट वन ही कंपनी सुमारे ४ अब्ज डॉलरला घ्यायचा करार केला. खेळण्यांची कंपनी मालक झाल्यावर मालिकेतली प्रत्येक नवी गाडी, नवं घर आणि २०२५ मध्ये जन्मलेली एव्ही ही धाकटी बहीणसुद्धा दुकानात येणार, हे धरून चाला.

आणि आता ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं ते. पेपाचा भाग पाच मिनिटांत संपतो, हा त्या मालिकेचा सगळ्यात मोठा गुण आहे. सगळे हसत पाठीवर पडतात तेव्हा मुलाला कळतं की गोष्ट संपली. यूट्यूबवर मात्र हेच भाग एकामागे एक चिकटवून तासाच्या वर लांबीचे व्हिडिओ केलेले असतात. त्यात शेवट दर पाच मिनिटांनी येतो आणि त्याला काही अर्थच उरत नाही. मग आपण तिसऱ्याच गोष्टीच्या मधोमध येऊन बंद करतो, मूल किंचाळतं, आणि आपण म्हणतो, पेपामुळे हट्टी झालंय. पेपामुळे नाही, मध्येच तोडल्यामुळे. कुठलीही गोष्ट ऐन रंगात आली असताना कुणी हातातून काढून घेतली तर आपल्यालाही राग येतोच ना?

दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास स्क्रीन, कमी असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. एक तास म्हणजे पेपाचे बारा भाग. मी म्हणेन, एका बैठकीला दोन किंवा तीन. किती ते लावण्याआधी ठरवायचं, मुलाला बोटांवर मोजून दाखवायचं, आणि प्रत्येक भाग संपला की एक बोट त्यालाच मिटू द्यायचं. ऑटोप्ले बंद ठेवा. सुटे भाग लावा, जोडलेले नकोत. शेवटचं हसणं पूर्ण होऊ द्या आणि मग बंद करायचं बटण मुलाच्याच हाताने दाबून घ्या. पहिले काही दिवस रडारड होईल. आकडा रोज तोच ठेवलात तर ती ओसरते. एक दिवस दोन, दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून आठ, असं झालं की पुन्हा पहिल्यापासून.

चॅनल अधिकृत आहे का, हेही एकदा बघाच. २०१७ मध्ये पेपाच्या नावाने केलेले बनावट व्हिडिओ उघडकीस आले होते. त्यातल्या एकात दंतवैद्य तिचे दात उपटताना दाखवला होता. चित्र हुबेहूब तेच, त्यामुळे स्वयंपाकघरातून नुसता आवाज ऐकणाऱ्याला काही समजत नाही. म्हणून एखादा भाग पहिल्यांदा लागतो तेव्हा मुलाशेजारी बसा. त्यानंतर तोच भाग वीस वेळा लागला आणि तुम्ही तिथे नसलात तरी चालेल.