दोन दिवसांच्या शिबिराने मुलगी बोलती होत नाही

माजी सैनिकांच्या मुलींसाठी पुण्यात काही करायचं म्हटलं की एक बाजू म्हणते, ‘फौजीची पोर, तिला काय शिकवायचं?’ दुसरी मे महिन्यात दोन दिवसांचं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर लावते. इथे कॅलिफोर्नियात मैत्री जुळवायला शिकवणारे जे वर्ग चालताना दिसतात, त्यापुढे दोन्ही तोकडं वाटतं.

जवान बहुधा पस्तिशी-चाळिशीत पेन्शनवर येतो, तेव्हा मुलगी आठवी-नववीत असते. लष्करी क्वार्टरमध्ये सगळ्याच बदलीवर आलेल्या, नवीन मुलीला कोणीही खेळायला घ्यायचं. पुण्यात दिघी-धानोरीच्या शाळेत मात्र मुलींचे गट बालवाडीपासून जमलेले. हिच्या मराठीत ‘मतलब’ नि ‘वैसे’ डोकावतात. दोनदा हशा झाला की ही तोंडच उघडत नाही.

लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठातली, मैत्री कशी जुळवायची हे टप्प्याटप्प्याने शिकवणारी ‘पीअर्स’ पद्धत घ्या. २०१०च्या पुस्तिकेत १४ आठवडे, दर आठवड्याला ९० मिनिटं. मुलं एका खोलीत, पालक दुसऱ्या. ती मुळात ऑटिझम असलेल्या मुलांसाठी बेतलेली आहे, त्यामुळे आपल्या मुलींना कसलंही लेबल नको. फक्त शिकवायची रीत उचला.

उदाहरणार्थ, चालू गप्पांत शिरणं. आधी थोडं लांबून ऐकायचं, विषय ओळखायचा, हातभर अंतरावर जायचं, बोलणं थांबलं की त्याच विषयावर एकच वाक्य टाकायचं. बोलणाऱ्या मुली वळून पाहतात का, जागा करून देतात का, हे बघायचं. नाही केली तर मुकाट्याने बाजूला व्हायचं. चुकतं बहुतेक एकाच ठिकाणी: मुलगी ‘आम्ही जम्मूला होतो ना, तेव्हा...’ असा स्वतःचाच विषय घेऊन शिरते. आधी शिकणाऱ्या गटातच हे दोघी-तिघींत करून बघायचं, मग आठवडाभर शाळेत.

इथल्यापेक्षा आपल्याकडे एक काळजी जास्त. ओळख करून देताना वडिलांचा हुद्दा विचारायचा नाही. कर्नलची मुलगी आणि हवालदाराची मुलगी हे एकदा कळलं की पुढचे तेरा आठवडे दुसरी पहिलीच्या मागे मागे राहते.

मैत्रिणीला घरी बोलावणं हा गृहपाठ तर पालकांशिवाय होतच नाही. आजी हॉलमध्ये बसून आडनाव विचारत असेल, तर ती मैत्रीण पुन्हा येणार नाही; हे आईला आधी सांगावं लागतं. आणि बाबा निवृत्तीनंतर सिक्युरिटीच्या ड्यूटीवर असतील, तर पालकांची बैठक फक्त रविवारी सकाळी ठेवून भागत नाही. तीच बैठक आठवड्यात एका संध्याकाळी पुन्हा घ्या.