लेखकाचा करार कोण वाचणार?

साताऱ्याचं ९९ वं साहित्य संमेलन आटोपलं आणि लगेच शंभराव्याची चर्चा सुरू झाली. अध्यक्ष कोण होणार, व्यासपीठावर राजकारणी किती असावेत, सरकारचे दोन कोटी घ्यावेत की नाकारावेत. अध्यक्षपदाची निवडणूक बंद होऊन संमेलन भरवणारं साहित्य महामंडळ एकमतानं नाव ठरवू लागलं, त्यालाही आता काही वर्षं झाली. वाद मात्र तिथेच घुटमळतात. ब्रिटनमध्ये राहून मी हे सगळं मन लावून वाचते, कारण माझं लिहिणं-वाचणं या भाषेवरच उभं आहे. आणि दरवर्षी एक गोष्ट खटकते. लेखकाच्या करारात काय लिहिलेलं असतं, त्याला रॉयल्टीचा हिशेब मिळतो का, अनुवादकाचे पैसे वेळेवर येतात का, यासाठी आपल्या साहित्यसंस्था काय करतात, हे कुणी विचारतच नाही.

मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. पहिल्या पुस्तकाचा करार हातात पडला तेव्हा सही करण्याआधी तो 'सोसायटी ऑफ ऑथर्स'कडे पाठवला. लेखकांची ही संघटना वॉल्टर बेझंट यांनी १८८४ मध्ये उभी केली. कवी टेनिसन तिचे पहिले अध्यक्ष. आज ती रीतसर कामगार संघटना आहे आणि १९५८ पासून तिच्यात अनुवादकांचा वेगळा विभाग आहे. सभासदाचा करार कलमागणिक तपासून देणं हे तिथलं रोजचं काम, त्याची वेगळी फी नाही. माझा करार परत आला तो टिपणांनी भरून. त्यात एक कलम होतं: पुस्तक बाजारात उपलब्ध असेपर्यंत हक्क प्रकाशकाकडे. वाचताना मला त्यात वावगं काही दिसलं नव्हतं. शेजारी टीप होती की ई-बुक कायमच उपलब्ध असतं, त्यामुळे हे कलम असंच राहिलं तर हक्क कधीच परत येणार नाहीत. वर्षाची विक्री ठरावीक प्रतींच्या खाली गेली की हक्क परत, असं लिहून मागा. मी मागितलं आणि प्रकाशकानं एका ईमेलमध्ये मान्य केलं. त्याला ही मागणी नवी नव्हती. माझ्याआधी कितीतरी लेखकांनी, त्याच संघटनेच्या सल्ल्यानं, ती केलेली होती.

आता महाराष्ट्रातल्या माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट. ती कथा लिहिते, जिल्ह्याच्या गावी राहते. २००६ मध्ये तिचा संग्रह आला. करार म्हणजे प्रकाशकाच्या लेटरहेडवरच्या चार ओळी: एकरकमी मानधन, लेखकाला पंचवीस प्रती आणि 'सदर पुस्तकाचे सर्व हक्क प्रकाशकाकडे राहतील.' मुदतीचा उल्लेख नाही. काही वर्षांपूर्वी त्यातल्या कथा एका ऑडिओ ॲपवर आल्या. तिला ते कळलं एका वाचकाच्या फोनवरून. प्रकाशकाला विचारलं तर उत्तर आलं, "ताई, हक्क आमच्याकडेच आहेत ना." ती गप्प बसली. तिच्या गावात साहित्य परिषदेची शाखा आहे, ती तिथली आजीव सभासद आहे, पण शाखेत जाऊन विचारावं असं तिच्या मनातही आलं नाही. शाखा म्हणजे व्याख्यानं, कविसंमेलनं, पुरस्कार.

कायदा तिच्या बाजूनं होता. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम १९ स्पष्ट आहे. हक्क सोपवायचे तर ते लेखी हवेत, सही हवी, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी, हे त्यात हवं. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे २००६ च्या त्या चार ओळींचा अंमल २०११ मध्येच संपला होता. मुदत न लिहिलेली अशी लेटरहेडं आज किती मराठी लेखकांच्या कपाटात पडून असतील! हे मी तिला फोनवर वाचून दाखवलं तेव्हा ती बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "अगं, हे कुणी सांगितलंच नाही कधी."

हे सांगणं हेच साहित्यसंस्थेचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. पुण्याची महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ मधली, नागपूरचा विदर्भ साहित्य संघ १९२३ मधला, मुंबई मराठी साहित्य संघ १९३५ मधला, शिवाय मराठवाडा साहित्य परिषद. या चौघांना जोडणारं महामंडळ १९६१ पासून आहे. इमारती आहेत, तालुक्यापर्यंत शाखा आहेत, नियतकालिकं आहेत. इतकी पसरलेली रचना ब्रिटनमध्येही लेखकांकडे नाही. ती सगळी रचना आपण गौरवासाठी आणि उत्सवासाठी वापरतो, आणि लेखकाला त्याच्या व्यवहारात एकटं सोडतो.

१८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादींनी पुण्यात पहिलं संमेलन भरवलं ते ग्रंथकारांचं होतं. मराठीत ग्रंथ कसे वाढतील ही त्यामागची काळजी होती. १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाचं आमंत्रण महात्मा फुले यांनी नाकारलं आणि ही सभा नेमकी कोणाच्या हक्कांचा विचार करते हे पत्र लिहून विचारलं. तो प्रश्न मला आजही लागू वाटतो. पुण्या-मुंबईत ओळखी असलेल्या लेखकाला एखादा वकील मित्र सापडतो. पहिलं पुस्तक काढण्यासाठी स्वतःच्या खिशातून पैसे देणारा तालुक्यातला शिक्षक किंवा शेतकरी कवी कोणाला विचारणार? किती प्रती छापल्या हेही त्याला कळत नाही.

यावर मला नेहमी मिळणारं उत्तर म्हणजे, "तुमचं इंग्लंड आहे, तिथे पैसा आहे." पैसा तिथेही लेखकाकडे नाही. लेखन हाच मुख्य व्यवसाय असलेल्या ब्रिटिश लेखकांची लेखनातून होणारी मध्यक वार्षिक कमाई (निम्मे लेखक जिच्याहून कमी कमावतात ती रक्कम) २०२२ च्या पाहणीत ७,००० पौंड निघाली. २००६ मध्ये ती १२,३३० होती. संघटना असूनही ही घसरण थांबली नाही, हे मान्यच केलं पाहिजे. पण जे मिळतं ते भांडून मिळालेलं आहे. ग्रंथालयातून पुस्तक वाचकानं घरी नेलं की लेखकाला सरकारी तिजोरीतून काही पेन्स मिळतात, वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड. अनुवादकालाही त्यात वाटा असतो. जॉन ब्रोफी यांनी ही कल्पना १९५१ मध्ये मांडली, त्यांची मुलगी ब्रिजिड आणि मॉरीन डफी यांनी १९७२ पासून चळवळ चालवली, कायदा झाला १९७९ मध्ये आणि पहिले पैसे लेखकांच्या हाती पडले १९८४ मध्ये. तेहतीस वर्षं गेली. पैसे आले तेव्हा ही कल्पना मांडणारा हयातही नव्हता.

महाराष्ट्रात ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे. सरकारमान्य सार्वजनिक ग्रंथालयं हजारोंनी आहेत, अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग आहेत, अनुदान आहे, देवघेवीची रजिस्टरं आहेत. त्या देवघेवीतून लेखकाला काही मिळावं ही मागणी संमेलनाच्या ठरावांत यायला काय हरकत आहे?

आणि इंग्लंड नको असेल तर केरळ पाहा. १९४५ मध्ये कोट्टायमला बारा लेखकांनी १२० रुपयांच्या भांडवलावर स्वतःची सहकारी प्रकाशनसंस्था काढली आणि लेखकाला तीस टक्के रॉयल्टी दिली. आपल्याकडे दहा-पंधरा टक्के म्हणजे चांगला करार. सहकारात साखर कारखाने, बँका, दूध संघ उभे करणाऱ्या महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मी तरी मानत नाही.

प्रकाशकांबद्दल मला राग नाही. मराठी प्रकाशकाची आवृत्ती आता बऱ्याचदा पाचशे किंवा त्याहून कमी प्रतींची असते. कागदावर आणि छपाईवर जीएसटी भरायचा, पुस्तक करमुक्त असल्यामुळे तो वजा करून घेता येत नाही. गाजलेल्या पुस्तकाची पायरेटेड प्रत फुटपाथवर आणि पीडीएफ व्हॉट्सॲपवर. त्यांचाही प्रकाशक संघ आहे, त्यांची गाऱ्हाणी खरी आहेत. म्हणूनच दोन्ही बाजूंनी एका टेबलाशी बसायला हवं. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात लेखक संघटनांनी एकेका प्रकाशकाशी किमान अटींचे करार केले. प्रकाशनव्यवसाय त्यानं बुडाला नाही.

आपल्याकडे जे आहे त्याचं मोलही इथे राहून जास्त कळतं. संमेलनातल्या पुस्तकांच्या गाळ्यांवर दिसणारी गर्दी, गाठीशी बांधलेल्या पैशांतून पुस्तक घेणारा खेड्यातला वाचक, १९०९ पासून चालत आलेले दिवाळी अंक. यातलं काही मला ब्रिटनमध्ये सापडलं नाही. दिवाळी अंक मात्र लेखकाला मानधन देतोच असं नाही, आणि तेही कुणी मागत नाही, कारण मागणारा एकटा पडतो.

माझी मागणी छोटी आहे. चार घटक संस्थांनी मिळून दोन पानांचा नमुना करार मराठीत तयार करावा: मुदत, प्रदेश, प्रतींची संख्या, रॉयल्टीचा टक्का, वर्षातून एकदा लेखी हिशेब, ऑडिओ, ई-बुक आणि अनुवादाचे हक्क वेगळे, मुखपृष्ठावर अनुवादकाचं नाव. तो प्रत्येक शाखेत ठेवावा. आणि एक वकील, एक कर्मचारी, एक फोन नंबर. संमेलनाच्या तीन-चार दिवसांसाठी दोन कोटी मिळतात, त्याच्या अगदी थोड्या भागात हे वर्षभर चालेल. पण मला ते सरकारी पैशानं चालू नये असंच वाटतं. लेखकांची संघटना लेखकांच्या वर्गणीवर चालायला हवी, आणि इथे आपली आजीव सभासदत्वाची पद्धत आड येते. एकदा वर्गणी भरली की संस्थेला त्या सभासदाकडून पुढे काही येत नाही आणि सभासदही पुढे काही विचारत नाही. सोसायटी ऑफ ऑथर्सची वर्गणी मी दर वर्षी भरते, त्यामुळे दर वर्षी हक्कानं फोन करते. करार तपासून देण्याची सोय कोणत्याही घटक संस्थेनं सुरू केली, तर तिची वार्षिक वर्गणी भरायला मी तयार आहे, आणि माझी मैत्रीणही.