तलावपाळीच्या कट्ट्यावर टिमथी लिअरी

रविवारी संध्याकाळी ठाण्याला तलावपाळीवर आम्ही नेहमीचे चौघं बसलो होतो, पक्या आदल्याच दिवशी कुमाऊंहून फिरून आलेला त्यामुळे बाल मिठाईचा डबा मधे उघडा आणि चार कटिंग. पक्या सांगत होता की अल्मोड्याच्या वर कसारदेवीचं देऊळ आहे, तिथे विवेकानंद ध्यानाला बसले होते, आणि पुढे 1965 च्या सुमारास टिमथी लिअरी नावाचा, एलएसडीसारख्या भास घडवणाऱ्या औषधांचा प्रचार करणारा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नव्या बायकोला घेऊन तिथे राहिला, लामा गोविंदांकडे त्याचं जाणंयेणं होतं. पक्याच्या आवाजात एकदम भक्तिभाव. "काय माणूस होता रे तो. हार्वर्डने हाकलला, तुरुंगात टाकला, निक्सन म्हणे त्याला अमेरिकेतला सगळ्यात धोकादायक माणूस म्हणायचा."

डॉक्टर तोपर्यंत गप्प होती. ती सायकियाट्रिस्ट आहे, शाळेपासूनची मैत्रीण, पण डॉक्टर झाल्यापासून आम्ही तिला डॉक्टरच म्हणतो. ती म्हणाली, "पक्या, त्या माणसामुळे माझ्या पेशंटचं चाळीस वर्षांचं नुकसान झालंय, तू त्याची आरती करू नकोस."

आणि मग जे सुरू झालं ते साडेदहापर्यंत.

पक्याचं म्हणणं असं की लिअरी नसता तर एलएसडी हा शब्द आपल्याला माहीतच झाला नसता. डॉक्टर म्हणाली खोटं आहे हे. एलएसडी 1938 मध्येच स्वित्झर्लंडमध्ये सँडोझच्या लॅबमध्ये अल्बर्ट हॉफमनने बनवलं, 1943 मध्ये त्याला त्याचा परिणाम कळला, आणि पन्नासच्या दशकात कॅनडात हम्फ्री ऑस्मंड दारूचं व्यसन लागलेल्या लोकांवर ते वापरून बघत होता, अशा औषधांसाठीचा 'सायकेडेलिक' हा शब्दसुद्धा त्याचाच. म्हणजे काम चालू होतं, हळूहळू, दवाखान्यांमधून, नोंदी ठेवून. लिअरीने ऑगस्ट 1960 मध्ये मेक्सिकोत क्वेर्नाव्हाकाला पहिल्यांदा असे भास घडवणारे मशरूम खाल्ले, म्हणजे तो आला तेव्हा पंगत अर्धी उठली होती.

"पण हार्वर्डला प्रयोग त्यानेच केले ना," पक्या. "तुरुंगातल्या कैद्यांना सिलोसायबिन, म्हणजे त्या मशरूममधलं द्रव्य, दिलं आणि ते सुधारले. मी वाचलंय."

इथे डॉक्टरचा आवाज चढला. हा प्रयोग मला माहीत नव्हता म्हणून मी तिला नीट सांगायला लावलं. 1961 ते 63, मॅसॅच्युसेट्समधलं काँकर्डचं जेल, 32 कैदी. लिअरी आणि त्याची माणसं कैद्यांसोबत बसून स्वतःही घ्यायची, म्हणजे वरून बघणारा डॉक्टर आणि खाली पेशंट असं नाही, आणि हे मला तरी मनापासून आवडलं, त्या काळात कैद्याला कोण बरोबरीने वागवत होतं? नंतर लिअरीने सांगितलं की सुटल्यावर यातली फारच कमी माणसं परत जेलमध्ये आली. मग 1998 मध्ये रिक डॉब्लिनने जुनी कागदपत्रं काढून सगळं तपासलं. डॉब्लिन म्हणजे कोणी विरोधक नाही बरं का, सायकेडेलिक उपचारांसाठी आयुष्य घातलेला माणूस आहे तो. त्याला काय सापडलं, तर लिअरीने आपल्या कैद्यांचा सुटल्यानंतर साधारण 10 महिन्यांचा आकडा घेतला आणि त्याची तुलना केली बाकीच्या कैद्यांच्या 30 महिन्यांच्या आकड्याशी. आता 10 महिन्यांत 30 महिन्यांपेक्षा कमीच लोक परत येणार ना! सारख्या मुदतीचे आकडे लावले तर फरक उरतच नाही.

पक्या म्हणाला, "चूक झाली असेल."

"मानसशास्त्रात पीएचडी होती त्याची, बर्कलीची," डॉक्टर म्हणाली. "माणसाचं व्यक्तिमत्त्व कसं मोजायचं यावर त्याचं 1957 चं पुस्तक आहे, तेव्हा नावाजलेलं. मोजमाप हाच त्याचा धंदा होता. त्याला कळत नव्हतं असं मला नको सांगू."

मला इथे खरंच वाईट वाटलं. त्या 32 जणांना काहीतरी झालं असेल, कुणाला आयुष्यात पहिल्यांदा रडू आलं असेल, ते खरं असेल. पण ते जेवढं होतं तेवढंच सांगितलं असतं तर कुणीतरी पुढे ते काम उचललं असतं, सुटलेल्या कैद्याला बाहेर नोकरी, आधार, माणसं हे सगळं लागतं, नुसती गोळी पुरत नाही, असं तेव्हाच कळलं असतं.

वकील इतका वेळ ऐकत होता. तो क्रिमिनल साइड करतो, एनडीपीएसच्या, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या केसेस बघतो, त्यामुळे त्याचं बघणं वेगळं. तो म्हणाला की सगळं पाप लिअरीच्या डोक्यावर टाकणं हे सरकारला सोयीचं आहे, आणि तुम्ही दोघंही तेच करताय, पक्या त्याला हिरो करून आणि डॉक्टर व्हिलन करून. 1962 मध्ये थॅलिडोमाइड या गरोदर बायकांनी घेतलेल्या औषधाचं प्रकरण झालं, व्यंग असलेली बाळं जन्मली, त्यानंतर अमेरिकेत औषधांच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, त्याच्याशी लिअरीचा काय संबंध? सँडोझने 1965 मध्ये एलएसडीचा पुरवठा थांबवला. आणि सीआयए 1953 पासून एमके-अल्ट्रा नावाच्या गुप्त प्रयोगाखाली लोकांना न सांगता एलएसडी पाजत होती, फ्रँक ऑल्सन नावाचा शास्त्रज्ञ त्यात गेला, त्यासाठी कुणाला तीस वर्षं झाली? लिअरीला मात्र मेक्सिकोच्या सीमेवर लारेडोला थोड्याशा गांजापायी 30 वर्षांची शिक्षा सुनावली. तो सुप्रीम कोर्टात गेला आणि 1969 मध्ये जिंकला, 1937 चा मॅरिवाना टॅक्स ॲक्ट, म्हणजे गांजावरच्या कराचा कायदा, त्याच्या केसमध्ये निकामी झाला, कारण तो कर भरायला जायचं म्हणजे स्वतःच्याच गुन्ह्याची कबुली द्यायची. वकील हे सांगताना खुलला होता. मग स्वतःच म्हणाला, पण पुढच्याच वर्षी अमेरिकन संसदेने नवीन कायदा आणला आणि एलएसडी, सिलोसायबिन पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वैद्यकीय उपयोग शून्य. आपला 1985 चा कायदाही कडकच आहे, एलएसडीची 0.1 ग्रॅम म्हणजे व्यावसायिक प्रमाण, कमीत कमी 10 वर्षं, आणि त्यात एलएसडी ज्या कागदावर शोषवलेलं असतं त्या कागदाचं वजन धरायचं की नाही यावर कोर्टात केवढी भांडणं झालीत. "विशीतली पोरं येतात माझ्याकडे, आईबाप बाहेर बाकावर बसून असतात," तो म्हणाला.

यावर डॉक्टर थोडी मऊ झाली. म्हणाली कायदा आंधळा होता हे मान्य, पण त्या कायद्याला घाबरलेले आईबाप पुरवले कुणी?

मग घोषणेचा विषय निघाला. टर्न ऑन, ट्यून इन, ड्रॉप आउट. 14 जानेवारी 1967, सॅन फ्रान्सिस्कोचं गोल्डन गेट पार्क, 20-30 हजार पोरं, आणि स्टेजवर पांढऱ्या कपड्यांत लिअरी. पक्या म्हणाला की ड्रॉप आउटचा अर्थ कॉलेज सोडा असा नव्हताच, लिअरीने नंतर कितीदा समजावून सांगितलं, स्वतःच्या पायावर उभे राहा असा होता. मी तेव्हा पहिल्यांदा मधे पडलो, कारण मला या माणसाबद्दल एकच गोष्ट आधीपासून माहीत होती आणि ती माझ्या डोक्यातून जात नाही. सेट आणि सेटिंग हे दोन शब्द रूढ केले ते लिअरीनेच, हार्वर्डच्या दिवसांत. सेट म्हणजे घेणाऱ्याच्या मनाची त्या वेळची अवस्था, तो कशासाठी घेतोय, काय भीती घेऊन बसलाय. सेटिंग म्हणजे जागा आणि शेजारची माणसं. तेच औषध, तेवढंच औषध, एकाला देवळात बसवेल आणि दुसऱ्याला विहिरीत ढकलेल. आज जगात जिथे जिथे हे उपचार चाललेत तिथे पहिला धडा हाच आहे. तर ज्या माणसाने हे सांगितलं त्यानेच चार वर्षांत मैदानातल्या हजारो अनोळखी पोरांना सहा शब्दांचा मंत्र दिला, जिथे कुणाचं मन कुणाला माहीत नाही आणि शेजारी कोण आहे तेही माहीत नाही. मला त्याचं बाकी सगळं समजून घेता येतं, हे नाही येत. हॉफमननेसुद्धा त्याला हेच बोलून दाखवलं होतं, की कोवळ्या पोरांना हे सांगू नकोस.

पक्या गप्प बसला. मग त्याने, गांजाच्याच दुसऱ्या केसमध्ये आत गेलेला लिअरी जेलमधून पळाल्याचा किस्सा काढला, सप्टेंबर 1970, वय 49, तारेला लोंबकळत कुंपणाबाहेर, वेदर अंडरग्राउंड या जहाल डाव्या गटाच्या लोकांनी पळवून अल्जीरियाला पोचवला, पुढे स्वित्झर्लंड, मग जानेवारी 1973 ला काबूलच्या विमानतळावर पकडला. किस्सा भारीच आहे. पण वकिलाने पुढचं वाक्य जोडलं की 1974 मध्ये ज्यांनी पळवलं त्यांच्याविरुद्धच तो एफबीआयकडे बोलला, आणि कवी ॲलन गिन्सबर्ग, पुढे रामदास हे नाव घेतलेला त्याचा हार्वर्डचा जुना जोडीदार अल्पर्ट, आणि खुद्द लिअरीचा मुलगा जॅक, यांनी पत्रकार परिषद घेऊन त्याचा निषेध केला. यावर मी कुणाला दोष देणार नाही. माणूस कोठडीत काय करेल हे बाहेर बसून बोलणं सोपं असतं, वकीलसुद्धा तेच म्हणाला. मुलाला मात्र काय वाटलं असेल.

नऊ वाजून गेले होते, तलावातली कारंजी बंद झाली. मी डॉक्टरला विचारलं की आत्ता हे उपचार करतात म्हणजे नक्की काय करतात. ती सांगायला लागली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून 2006 ला पहिला मोठा पेपर आला, ऑस्ट्रेलियात 2023 पासून ठरावीक सायकियाट्रिस्टना सिलोसायबिन द्यायला परवानगी आहे, औषधांनी बऱ्या न होणाऱ्या डिप्रेशनसाठी. आधी बरेच तास नुसतं बोलणं. मग एक साधी खोली, पलंग, डोळ्यांवर पट्टी, गाणी, आणि सहा ते आठ तास साधारण दोन माणसं शेजारी.

"पूर्ण वेळ?"

"पूर्ण वेळ. कुणी उठून जात नाही."

मग मी त्यांना माझ्या मावसभावाचं सांगितलं, इतक्या वर्षांत या कट्ट्यावर कधी सांगितलं नव्हतं. 95 च्या डिसेंबरमध्ये दादा ऑफिसच्या मित्रांबरोबर गोव्याला गेला होता, अंजुण्याला रात्री कुणीतरी जिभेवर कागद ठेवला, आणि तो घाबरून किंचाळायला लागल्यावर पोलीस येतील म्हणून मित्र त्याला वाळूत सोडून निघून गेले. काका नुकतेच गेले होते, दादा दोन महिने धड झोपला नव्हता, हे त्या मित्रांना माहीत होतं. पुढचं वर्षभर तो खोलीतून बाहेर यायचा नाही, मावशी दाराशी ताट ठेवायची. आता बरा आहे, नोकरी केली, पोरगी इंजिनीअर झाली, पण समुद्राकडे जात नाही.

"आणि त्या रात्री?" डॉक्टरने विचारलं. "सकाळपर्यंत एकटाच होता?"

नव्हता. पहाटे मासे न्यायला आलेली एक बाई त्याच्याजवळ थांबली. दादाला त्या रात्रीतलं बाकी काही धड सांगता येत नाही, पण ती टोपली उलटी करून शेजारी बसली होती आणि ऊन वर येईपर्यंत उठली नाही, मधे कुठूनतरी पेज आणून त्याला पाजली, हे तो अजून सांगतो. काय बोलली ते त्याला कळलं नाही, कोंकणीत होतं.

"नाव?" पक्याने विचारलं.

त्याने विचारलंच नाही म्हणे.