तह करायला बसताय? मग हे ऐकाच

महायुद्ध जिंकलात, अभिनंदन. आता तह तेवढा उरलाय. त्याला एक मोठा नकाशा, जाड पेन्सिल आणि दुसऱ्याच्या भूगोलाबद्दल निश्चिंत मन एवढं पुरतं.

आधी जागा बघा. नुसत्या जागेनंच समोरच्याची मान खाली गेली पाहिजे. व्हर्सायच्या ज्या आरसेमहालात १८७१ साली जर्मन साम्राज्याची घोषणा झाली, तिथेच २८ जून १९१९ ला पहिलं महायुद्ध हरलेल्या जर्मनांना सहीला बोलावलं होतं. वाटाघाटींना मात्र बोलावू नका; माणसं बोलायला लागतात. हरकती लेखी घ्या आणि सही कुठे करायची ते बोटानं दाखवा.

मग एखादं भारदस्त तत्त्व हवं. अमेरिकेचे अध्यक्ष विल्सनसाहेब यांचं ‘स्वयंनिर्णय’, म्हणजे आपलं राज्य कुठलं ते लोकांनी आपणच ठरवायचं, अजूनही झकास चालतं. फक्त ते कुणाला लागू, हे तुम्ही ठरवायचं. पोलंडला लागू. जर्मनीत सामील व्हायचंय म्हणणाऱ्या ऑस्ट्रियाला नाही. इजिप्तनं तर तोंडही उघडू नये. तिथले स्वातंत्र्यवादी पुढारी झगलूल यांची तुम्ही माल्टाला रवानगी केलेली असेलच. जपाननं वंशसमानतेचा ठराव मांडला आणि १७ पैकी ११ मतं बाजूनं पडली, तर शांतपणे सांगा, ‘इथे एकमत लागतं.’ बहुमत ही घरी वापरायची गोष्ट आहे.

आता पेन्सिल. ज्या गावातून रेघ ओढायची ते ठाऊक असण्याची गरज नाही. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया दोघांनाही हव्या असलेल्या टेशेन गावाचं नावही आपण कधी ऐकलं नव्हतं, असं ब्रिटनचे पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांनी एप्रिल १९१९ मध्ये भर पार्लमेंटात सांगून टाकलं. (प्रामाणिक माणूस. बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.) पुढच्या वर्षी जुलैत ओल्झा नदीवरून गावाचे दोन तुकडे झाले. जुना किल्ला आणि बाजारपेठ पोलंडला, रेल्वे स्टेशन चेकोस्लोव्हाकियाला. स्टेशनापासून पूल ओलांडून गावात जाणारी एक छोटीशी ट्राम होती. पुलावर सरहद्द आली आणि १९२१ मध्ये ट्राम बंद पडली. गाव एका देशात, गावाची गाडी दुसऱ्या देशात, न्याय झाला.

रेघ हलत नसेल तर माणसं हलवा. १९२३ ला लोझानमध्ये ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात धर्म बघून माणसांची अदलाबदल ठरली. घरात तुर्की बोलणारे अनातोलियातले ख्रिस्ती ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला, ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान ‘तुर्क’ म्हणून तुर्कस्तानला. आपण नक्की कोण आहोत हे त्यांना तिकडे पोचल्यावर कळलं असेल.

युद्धाच्या भरपाईचं बिल मात्र ठसठशीत करा. १९२१ मध्ये जर्मनीच्या नावावर १३२ अब्ज सुवर्ण मार्क लिहिले. वसुलीची घाई नको. भरपाई भागवायला काढलेल्या रोख्यांच्या व्याजाचा शेवटचा हप्ता ३ ऑक्टोबर २०१० ला गेला. आणि एवढं करून तुमच्याच सिनेटनं तह फेटाळला, तर मनाला लावून घेऊ नका. विल्सन यांच्या बाबतीत तेच झालं.

राहता राहिली आठवण. कॉम्पिएनच्या जंगलात ज्या रेल्वेच्या डब्यात जर्मनांनी १९१८ च्या युद्धबंदीवर सही केली, तो फ्रान्सनं कौतुकानं संग्रहालयात ठेवला होता. जून १९४० मध्ये हिटलरला फ्रेंचांची सही नेमकी त्याच डब्यात हवी होती, आणि डबा बाहेर काढायला जर्मन सैनिकांना भिंत पाडावी लागली. तेव्हा संग्रहालय बांधाल, तर एक भिंत काढता-घालता येईल अशी ठेवा.