जनगणनेत पणजोबा सापडत नाहीत

ठाणे, कळवा, ऐरोलीकडच्या ग्रुपांवर सध्या एक फॉरवर्ड जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: १८८१ पासून दर दहा वर्षांनी प्रत्येक माणसाचं नाव, वय, जात जनगणनेत लिहून ठेवलंय, माहिती अधिकारात अर्ज टाका, पणजोबांचा उतारा घरपोच येईल. ख्रिस्ती मंडळींची तर चारशे वर्षांची अखंड नोंद चर्चमध्ये तयार आहे. बाकीच्यांकडे कागद नाहीत, त्यांनी आडनावावरून कूळ शोधावं. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून असल्या मजकुराला गिऱ्हाईक वाढलंय. लोक खरोखर अर्ज टाकतात आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं पत्र आलं की कारकुनाला शिव्या देतात. कारकुनाचा यात काही दोष नाही.

आधी जनगणना. १७ फेब्रुवारी १८८१ ला देशभर एकाच वेळी पहिली शिरगणती झाली, हे खरं. मोजणीदार दारोदार गेला, हेही खरं. पण सरकारला हवी होती ती बेरीज. घराघरांतून आणलेली माहिती गोषवाऱ्यात उतरवायची; १९०१ पासून छोट्या चिठ्ठ्यांवर उतरवून त्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावायचे, मोजायचे आणि तक्ते छापायला पाठवायचे. तक्ते छापून झाले की घरोघरच्या याद्यांची गरज संपली. त्या जपल्या गेल्या नाहीत. हाती उरले ते छापील अहवाल: जिल्ह्यात आगरी किती, कोळी किती, ख्रिस्ती किती. पणजोबा त्या बेरजेत धरलेले असतील, नावानिशी नाहीत. गॅझेटियरचंही, म्हणजे त्या काळच्या सरकारी माहितीग्रंथांचंही, तेच. हैदराबाद गॅझेटियरवरून २०२५ मध्ये एवढा वाद पेटला, त्यातही आक्षेप घेणाऱ्यांचं म्हणणं हेच होतं की त्यात जातवार आकडे आहेत, माणसांची नावं नाहीत.

स्वातंत्र्यानंतरच्या जनगणनेचं काय? १९४८ च्या जनगणना कायद्याचं कलम १५ वाचा. जनगणनेचे कागद पाहण्याचा हक्क कुणालाही नाही आणि ते पुरावा म्हणून चालतही नाहीत. लोकांनी न घाबरता खरी उत्तरं द्यावीत म्हणून केलेली ती तरतूद आहे, आणि माझ्या मते योग्यच आहे. अपवाद म्हणता येईल असा एकच: १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून नागरिकांची नोंदवही केली गेली, ती पुढे आसाममध्ये कामाला आली. ठाण्याच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

हा गैरसमज आला कुठून, तेही उघड आहे. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी याद्या खुल्या होतात. १९२१ ची यादी जानेवारी २०२२ मध्ये खुली झाली. अमेरिकेत ७२ वर्षांनी होतात, तिथे १९५० ची त्याच वर्षी आली. तिकडचे व्हिडिओ कुणीतरी मराठी मथळा लावून इकडे सोडले. आणि तिकडेही सगळं सुखरूप नाही बरं का: इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या याद्या १९४२ मध्ये आगीत गेल्या.

चर्चचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियम कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या धर्मसभेने १५६३ मध्ये घातला, तेव्हा ठाणे आणि साष्टी बेट पोर्तुगीजांकडेच होतं. पण नियम होता म्हणजे वही टिकली, असं नाही. १७३७ मध्ये ठाणं मराठ्यांनी घेतलं, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज पाद्री निघून गेले आणि गोव्याकडच्या देशी पाद्र्यांनी जमेल तसा कारभार रेटला. त्यावर अडीचशेहून जास्त पावसाळे, कसर, आणि कागदालाच खाणारी लोखंडी शाई. तेव्हा ‘अखंड’ हा शब्द आधी काढून टाका. प्रत्येक पॅरिशची, म्हणजे एका चर्चच्या हद्दीची, सर्वात जुनी वही वेगळ्या सालाची असते. ते साल फादरना विचारायचं आणि तिथून पुढे बोलायचं.

शिवाय साष्टीतली बरीच चर्च १९२८ पर्यंत मुंबईच्या बिशपांकडे नव्हतीच. आधी ती गोव्याच्या अखत्यारीत, १८८६ नंतर दमणच्या. त्यामुळे तलावपाळीजवळच्या चर्चबद्दलचा एखादा जुना पत्रव्यवहार ठाण्यात न मिळता गोव्यात निघाला तर नवल नाही.

जिथे वही टिकली आहे तिथे मात्र खजिना असतो. नोंद चार-पाच ओळींची, पोर्तुगीज किंवा लॅटिनमध्ये. बाळाचं नाव, आईबाप, गाव, फादरची सही. नवखा माणूस एवढं उतरवून घेतो आणि धर्ममाता-धर्मपिता यांची नावं सोडून देतो. तीच तर महत्त्वाची! ती बहुतेकदा मामा, आत्या, काका यांच्यापैकी असतात, म्हणजे एका नोंदीत दोन घरं हाती लागतात. समासही बघा: १९०८ नंतर लग्न झालं की त्याची नोंद बाप्तिस्म्याच्या ओळीशेजारी करायचा नियम आला. आणि लॅटिन वहीतला ‘योआनेस’ घरी जुआंव असतो, हे लक्षात असू द्या.

‘बाकीच्यांकडे कागद नाहीत’ हे तर साफ चूक. जिथे जमीन, शाळा किंवा श्राद्ध आलं, तिथे नाव लिहिलं गेलं. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या उपाध्यांच्या वह्यांत गावानुसार घराणी लागलेली असतात, आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने सही केलेली असते. अर्थात ज्यांना तीर्थयात्रा परवडली त्यांचंच. इतरांनी तहसीलकडे वळावं. वारसाचा फेरफार, म्हणजे खातेदार वारला की जमिनीवर वारसांची नावं चढवल्याची नोंद, हा माझा सगळ्यात आवडता कागद: खातेदार अमुक साली मयत, वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान (वयाने लहान), ‘अ.पा.क. आई’, म्हणजे अज्ञान पालनकर्ती आई. पालनकर्ती म्हणून त्या बाईचं नाव सरकारी कागदावर आलं, एरवी कदाचित कुठेच आलं नसतं. थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. भावांची नावं दुसऱ्या फेरफारात शोधायची. ज्यांची जमीन मालकीची नव्हती त्यांच्यासाठी कूळ कायद्याचे कागद आहेत: १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर कित्येक कुळांचं नाव पहिल्यांदा मालक म्हणून चढलं. ठाणे जिल्ह्यातले बरेच जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन होऊन आलेत. मोडीतला कागद निघाला तर वाचणारा गाठावा लागेल, अंदाजाने वाचू नका. शाळेचं जनरल रजिस्टर आणि गावचं कोतवाल बुक, म्हणजे जन्ममृत्यूचा नमुना १४, हेही विसरू नका.

नवी मुंबईतल्या गावठाणांत तर हे काम लोक केव्हाचे करताहेत. १९७० नंतर सिडकोसाठी ९५ गावांच्या जमिनी गेल्या, आणि भूसंपादनाच्या निवाड्यात कुणाचं नाव होतं यावर पुढे जमिनीच्या बदल्यात मिळणाऱ्या साडेबारा टक्के भूखंडांसाठी वारसांची भांडणं झाली. घणसोली किंवा दिवाळे गावातल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारा, तो तीन पिढ्या तोंडपाठ सांगेल, वर गट नंबरही.

आडनावाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. पाटील हा हुद्दा होता, दोन गावच्या पाटलांचा रक्तसंबंध असायलाच हवा असं नाही. डिसोझा हे आडनावही धर्मांतराच्या वेळी पाद्र्याकडून किंवा धर्मपित्याकडून आलेलं असू शकतं. त्यावरून लिस्बनला नातेवाईक शोधत बसू नये.

आणि पनवेल-उरणकडच्यांसाठी एक: तुमचा तालुका १८८३ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, मग कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या रायगडात, गेला. त्याआधीचं काही हवं असेल तर अलिबागला खेटे घालण्याआधी ठाण्यात विचारा.